‘इथे काहीच नव्हतं’ हे वाक्य काढा

एडमंटनच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी, स्मरणिकेचं काम पाहणारी मंडळी आणि इथली सर्व मराठी कुटुंबं यांस,

सप्रेम नमस्कार.

स्मरणिकेची मुद्रितं मागच्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला आली. नेहमीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, माणसांची आडनावं बघत बसले होते. पहिलाच लेख ‘आपलं एडमंटन’. त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथे काहीच नव्हतं, होतं ते फक्त जंगल, बर्फ आणि नदी.’ शुद्धलेखनाची एकही चूक त्यात नाही. तरी मी त्याखाली लाल रेघ मारली आणि तिथेच थांबले.

लेख लिहिणाऱ्या मुलावर माझा राग नाही. त्याने ते वाक्य आमच्याकडूनच उचललंय. १९९६ साली आम्ही इथे कॅनडात आलो तेव्हापासून मी ते ऐकत आले आहे, आणि भारतातून येणाऱ्या कितीतरी पाहुण्यांना विमानतळावरून घरी आणताना मीही तेच सांगितलं आहे. म्हणून त्याला एकट्याला निरोप न धाडता हे पत्र सगळ्यांना लिहिते आहे. स्मरणिका छापली की पाच-पन्नास वर्षं कपाटात राहते, आणि उद्या आपली नातवंडं त्यातून मराठी वाचायला शिकणार आहेत. त्यांच्या हाती खोटं वाक्य पडू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

माझे वडील, अण्णा, २००४ च्या उन्हाळ्यात इथे आले होते. राजापूरचे, हाडाचे कोकणी. त्यांना फोर्ट एडमंटन पार्क दाखवायला नेलं. फोर्ट म्हणजे किल्ला, म्हणून अण्णा काठी घेऊन, बूट घट्ट बांधून चढायच्या तयारीने निघाले. समोर आलं उभ्या ओंडक्यांचं उंच कुंपण, कोपऱ्यांना लाकडी बुरूज आणि आत लाकडी घरं. ते काही बोलले नाहीत. मग आतल्या दुकानात शिरलो. फळ्यांवर घोंगड्या, तांब्याचे टोप, मण्यांच्या माळा, वेटोळं केलेला तंबाखू, बंदुका. मध्ये लांबच लांब लाकडी फळी. अलीकडे गिऱ्हाइकाने उभं राहायचं, पलीकडे कारकुनाने. बाहेर कातड्यांचे गठ्ठे आवळायचा मोठा लाकडी दाब. अण्णांनी तो दाब हाताने चाचपून पाहिला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “अगो, ही तर वखार. हिला किल्ला कशाला म्हणतात?”

वखार म्हणजे काय हे राजापूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. अर्जुना नदीच्या काठी ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर मारलं तेव्हा वखारवाल्या इंग्रजांना कैद करून नेलं, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक असतं. आणि अण्णांचा शब्द अगदी नेमका होता. इथे फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीचे लोक आपल्या ठाण्यांना तेच म्हणत. समुद्रकाठच्या मुख्य ठाण्याचं नाव यॉर्क फॅक्टरी, आणि एडमंटनच्या प्रमुखाचा हुद्दा चीफ फॅक्टर. फॅक्टर म्हणजे कंपनीचा अडत्या. तो राहतो, माल साठवतो, देवघेव करतो ती फॅक्टरी. मुंबई-सुरतेकडे जे आले तेच इथेही आले, वेगळ्या कंपनीच्या नावाने.

राजा तर एकच होता. दुसऱ्या चार्ल्सला १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगिजांकडून मुंबई आंदण मिळाली. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ मे १६७० ला, त्याच राजाने हडसन उपसागराला मिळणाऱ्या सगळ्या नद्यांचा प्रदेश आपल्या चुलतभावाच्या, प्रिन्स रूपर्टच्या, कंपनीला सनदेने दिला. जवळजवळ ३९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या भारताहून मोठा मुलूख. भाडं काय, तर राजा कधी त्या मुलखात पाय ठेवेल तेव्हा त्याला दोन एल्क (मोठी हरणं) आणि दोन काळे बीव्हर (नदीत राहणारे, दातांनी झाडं पाडणारे केसाळ प्राणी) द्यायचे. त्या मुलखात राहणाऱ्या क्री, नाकोता, ब्लॅकफूट, डेने या लोकांना कोणी विचारलं नाही. मुंबईच्या कोळ्यांना तरी कोणी विचारलं होतं?

आपली नॉर्थ सस्कॅचेवान रॉकी पर्वतातल्या हिमनदीतून निघते आणि शेवटी हडसन उपसागराला मिळते. म्हणून हे शहर उभं आहे ती जमीनही त्या सनदेत आली. कंपनीच्या माणसांना इथे वखार थाटायला मात्र सव्वाशे वर्षं लागली.

ती कशासाठी आली, हे त्याच दिवशी अण्णांच्या तळहातावर होतं. पार्कमधल्या मुलीने त्यांच्या हातात बीव्हरचं कातडं ठेवलं आणि फुंकर घालायला सांगितलं. अण्णांनी फुंकर घातली. वरचे तपकिरी, राठ, लांब केस बाजूला झाले आणि खाली करड्या रंगाची लोकर दिसली, पिंजलेल्या कापसासारखी मऊ आणि इतकी दाट की कातडीपर्यंत नजर पोचेना. त्या लोकरीच्या प्रत्येक केसाला डोळ्याला न दिसणारे बारीक काटे असतात. त्यामुळे ती दाबली, वाफवली की एकात एक अडकून घट्ट फेल्ट बनतं, पाऊस न शिरणारं, आकार न सोडणारं. युरोपातल्या साहेबांच्या टोप्या त्या फेल्टच्या. तिथले बीव्हर मारून संपत आले, मग इकडचे. गंमत अशी की नव्या कोऱ्या कातड्यापेक्षा एखाद्याने हिवाळाभर अंगावर पांघरलेल्या जुन्या कातड्याला भाव जास्त मिळे. अंगाच्या घासण्याने आणि चरबीने राठ केस आपोआप गळून गेलेले असत, टोपीवाल्याचं अर्धं काम झालेलं असे. रोख पैसा चालत नव्हता. एक चांगलं कातडं म्हणजे एक ‘मेड बीव्हर’, आणि घोंगडी किती बीव्हर, बंदूक किती बीव्हर, असा सगळा हिशोब. टोप्या तयार करताना पारा वापरत आणि त्या कारखान्यांतले कामगार पाऱ्याने झिजत, तेही या धंद्याच्या खात्यावर मांडायला हवं.

१७९५. खर्ड्याला मराठे आणि निजाम लढले ते वर्ष. त्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या नॉर्थ वेस्ट कंपनीने या नदीवर फोर्ट ऑगस्टस उभारला आणि त्याच्या शेजारीच हडसन बेच्या विल्यम टॉमिसनने एडमंटन हाउस बांधलं. दोन कंपन्या एकमेकींच्या नरड्याला लागलेल्या, पण राहायच्या शेजारी शेजारी. ती पहिली जागा आजच्या फोर्ट सस्कॅचेवानजवळ, स्टर्जन नदीच्या संगमापाशी. तिथून १८०२ मध्ये वखार वर सरकली ती रॉसडेलला, म्हणजे जिथे आज बेसबॉलचं मैदान आहे, जुनं वीजकेंद्र आहे, आणि जिथून आपल्यातल्या कित्येक घरांना नळाचं पाणी येतं तिथे. १८१० मध्ये ती खाली लांब गेली, १८१३ च्या सुमारास परत रॉसडेलला आली. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. १८२५ च्या पुरात वखारीत पाणी शिरलं आणि १८३० मध्ये ती टेकाडावर चढवली, आज विधानभवन आहे त्याच्या दक्षिणेच्या उतारावर. चार वेळा घर बदललं, नाव तेच राहिलं.

नाव इंग्रजांनी लंडनजवळच्या एका गावावरून ठेवलं. पण इथल्या क्री लोकांनी आपल्या भाषेत दिलेलं नाव वेगळं आहे: अमिस्क्वाचीवास्काहिगन. अमिस्क म्हणजे बीव्हर. बीव्हरच्या डोंगरांजवळचं घर, असा त्याचा अर्थ. आजही या शहराला क्रीमध्ये तेच म्हणतात. म्हणजे वखार जाऊन शंभरावर वर्षं झाली तरी त्यांच्या भाषेत शहराचं नाव वखारच आहे. आणि रॉसडेलच्या त्या सपाट काठाला ते पेहोनान म्हणतात, वाट पाहायची, भेटायची जागा. वखार नव्हती तेव्हाही लोक तिथे भेटत होते. इंग्रज तिथे आले कारण लोक तिथे आधीच येत होते.

१८४६ साली पॉल केन नावाचा चित्रकार वखारीत आला. त्याने लिहून ठेवलंय की चाळीस-पन्नास पुरुष, त्यांच्या बायका, मुलं मिळून सुमारे १३० माणसं कुंपणाच्या आत राहत. हिवाळ्यासाठी एक खड्डा बर्फाने भरून त्यात सातशे-आठशे गव्यांचं (इथल्या बायसनचं) मांस साठवत. १८४७ च्या नाताळात तो पंगतीला होता: गव्याचं वशिंड, मूसचं वाळवलेलं नाक, बीव्हरच्या शेपट्या, रानहंस, बटाटे, सलगम, पाव. रात्री नाच झाला. आणि तो एक गोष्ट लिहितो, जी आपण मराठी माणसांनी थांबून वाचावी: जेवणाच्या मेजावर बसलेल्या थोड्याजणांखेरीज त्या नाचात कोणालाच इंग्रजी येत नव्हतं. या गावाची घरची भाषा क्री होती. फ्रेंच, गेलिक, मोहॉक, नाकोता कानावर पडत, पण बायको-मुलांशी बोलायचं ते क्रीमध्ये. आपल्या मुलांनी घरी मराठी बोलावं म्हणून आपण रविवारची शाळा चालवतो. ज्या गावात राहतो त्याची पहिली भाषा कुठली, हे त्याच शाळेत एकदा तरी सांगायला नको?

त्या वखारीत काम कोण करत होतं? ऑर्कनी बेटांवरून आलेले स्कॉटिश गडी, क्युबेकचे फ्रेंच नावाडी, मॉन्ट्रियलकडून वल्ही मारत आलेले मोहॉक. आणि ज्यांची नावं वहीत क्वचितच येतात त्या बायका: क्री, नाकोता, पुढे त्यांच्या मुली, मेटिस (म्हणजे आदिवासी आया आणि युरोपीय बाप यांच्या वंशातल्या). गव्याचं मांस वाळवायचं, कुटायचं, वितळलेल्या चरबीत आणि सस्काटून बोरांत कालवून चामड्याच्या पिशव्या भरायच्या, हे काम त्यांचं. त्याला पेमिकन म्हणतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतं. एडमंटनहून बीव्हर जितका गेला त्याहून जास्त या पेमिकनचं महत्त्व होतं. उत्तरेकडच्या वखारी आणि नावा त्यावर जगत. मोकासिन म्हणजे मऊ चामड्याच्या वहाणा शिवायच्या, बर्फावर चालायच्या जाळीच्या वहाणा विणायच्या, कातडी कमवायची, दुभाषीपण करायचं. त्यांची लग्नं चर्चमध्ये लागली नव्हती, इथल्या रीतीने लागली होती, आणि पुढे पाद्री आले तेव्हा या बायकांना बायका म्हणायचं की नाही यावर वाद झाले.

बर्फ फुटलं की मे महिन्यात नावा निघत. यॉर्क बोट म्हणतात तिला. बारा-तेरा मीटर लांब, ऑर्कनीच्या होड्यांच्या घाटाची, बांधणी इथल्याच काठावर. माल नव्वद पौंडांच्या गठ्ठ्यांत, म्हणजे चाळीस किलोवर. धबधबा आला की गठ्ठे पाठीवर, पट्टा कपाळाला, आणि चालायचं. इथून विनिपेग सरोवर, तिथून हेज नदीने यॉर्क फॅक्टरी, आणि नदी गोठायच्या आत परत. विनिपेगला गाडीने जायला आपण चौदा तास घेतो आणि कंटाळतो.

या सगळ्यावर तीस वर्षं राज्य केलं जॉन रोवंडने. त्याची बायको लुईस उम्फ्रेव्हिल मेटिस होती. घोड्यावरून पडून पाय मोडला तेव्हा तिनेच त्याला शोधून आणलं अशी कथा आहे. टेकाडावरच्या वखारीत त्याने तीनमजली घर बांधलं, त्याला लोक ‘रोवंडचा वेडेपणा’ म्हणत. १८५४ मध्ये फोर्ट पिटला नावाड्यांचं भांडण सोडवताना तो कोसळला आणि गेला. पुढे जे झालं ते मी मुद्दाम सांगते आहे. त्याचं प्रेत उकरून काढलं, मांस उकळून वेगळं केलं आणि हाडं पेटीत घालून यॉर्क फॅक्टरीमार्गे लंडनला, तिथून अटलांटिक ओलांडून मॉन्ट्रियलला नेली. १८५८ मध्ये माउंट रॉयलच्या दफनभूमीत ती विसावली. चार वर्षं आणि दोनदा महासागर, कारण त्याला आपल्या माणसांत पुरायचं होतं.

त्याच्या हाताखालची माणसं रॉसडेलला पुरली. साधारण १८०० पासून सत्तर वर्षं तिथे दफनं होत राहिली: क्री, मेटिस, फ्रेंच, स्कॉट, नाकोता, बाळंतपणात गेलेल्या बायका, देवीने गेलेली मुलं. मग शहर आलं. १९०२ पासून तिथे वीजकेंद्र वाढत गेलं. खोदकामात हाडं निघत राहिली. आणि दफनभूमीवरून रस्ता गेला. कित्येक वर्षं मी त्या रस्त्याने गाडी चालवत कामाला गेले आहे. खाली कोण आहे हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. वंशजांनी भांडून तो रस्ता बंद करायला लावला, तेव्हा कुठे आजचं स्मारक उभं राहिलं.

वखार संपली ती एका दिवसात नाही. १८३०-४० च्या दशकांत युरोपात रेशमी टोप्यांची फॅशन आली आणि बीव्हरचा भाव पडला. १८७० च्या आसपास कंपनीने सनदेचा मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली केला; एडमंटनच्या वखारीभोवतीची तीन हजार एकर मात्र स्वतःकडे ठेवली. आपल्या आजच्या डाउनटाउनचा बराच भाग त्यावर आहे. त्याच सुमारास देवीची साथ या मैदानी मुलखातून फिरली. मग गवे संपले. उपाशी लोकांनी १८७७ च्या ऑगस्टमध्ये फोर्ट एडमंटनला सहाव्या तहावर, म्हणजे राणीच्या सरकारने इथल्या लोकांशी केलेल्या जमिनीच्या करारावर, सह्या केल्या. त्यांत पापास्चेस हा प्रमुख होता. त्याच्या लोकांना नदीच्या दक्षिणेला राखीव जमीन मिळाली. १८८८ मध्ये, चार दिवसांच्या सूचनेवर बोलावलेल्या सभेत, तीन पुरुषांच्या सह्यांवर ती काढून घेतली गेली. वंशज न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाव्याची मुदत टळली असं म्हणून तो फेटाळला.

ती जमीन कुठली, ठाऊक आहे? मिल वुड्सचा बराच भाग तिच्यावर आहे. आपल्यातल्या कितीजणांचं पहिलं घर तिथलं! माझंही. तिथेच बेसमेंटमध्ये आम्ही पहिला गणपती बसवला. मोदकाच्या उकडीचा वास, दाराशी बुटांचा ढीग, आणि कुणीतरी म्हणालं होतं, “इथे पाच-पन्नास वर्षांपूर्वी नुसती शेतं होती हो.” शेतं होती, खरंच. शेतांच्या आधी कोण होतं हे आम्ही कोणी विचारलं नाही. आणि २०२१ च्या निवडणुकीपासून तिथल्या एका प्रभागाचं नाव आहे गारीहियो, वखारीच्या धंद्यासाठी पूर्वेकडून आलेल्या एका मोहॉक माणसाच्या नावावरून. मतपत्रिकेवर ते नाव वाचून आपल्यापैकी कोणीतरी मला म्हणालं होतं, “काय ही नवीनच नावं काढलीत!” ती नवीन नाहीत.

विधानभवन बांधून झालं तेव्हा त्याच्या पायाशी जुनी वखार अजून उभी होती. त्या काळचे फोटो आहेत: मागे घुमटाची देखणी दगडी इमारत, पुढे खचलेली, पत्रे-फळ्या निघालेली लाकडी घरं. साहेबांना ते दृश्य खटकलं. १९१५ च्या ऑक्टोबरमध्ये वखार पाडली. लाकडं जपून ठेवू, दुसरीकडे पुन्हा उभी करू, असं बोलणं झालं होतं. ते झालं नाही. अण्णांना दाखवलेली आहे ती १९७४ साली उघडलेल्या पार्कमधली नवी बांधणी, १८४६ च्या नमुन्यावर, नदीच्या वरच्या अंगाला. चांगली आहे, मुलांना जरूर दाखवा. २०२१ पासून तिथे आदिवासी लोकांनी स्वतःच्या तोंडून सांगितलेलं दालनही आहे. पण ती मूळ जागा नाही. मूळ जागेवर हिरवळ आहे आणि उन्हाळ्यात लोक तिथे सँडविच खातात.

आणि गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनच्या पहिल्या दिवशी, हडसन बेची शेवटची दुकानंही बंद झाली. मॉलमधल्या त्या शेवटच्या सेलला मी गेले होते. हिरव्या, तांबड्या, पिवळ्या, निळ्या पट्ट्यांची ती घोंगडी कधीच संपली होती. रिकाम्या मांडण्यांवरही किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर मेटिस बाई होती. ती म्हणाली, “माझ्या पणजीने यांच्यासाठी पेमिकन कुटलं.” मी काय बोलणार? मी म्हटलं, “माझ्या गावालाही अशीच एक होती.” तिला ते समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली, आणि तिने ते नीट ऐकून घेतलं.

तर माझं मागणं असं.

पहिलं, ते वाक्य काढा. त्या जागी हे घाला: ‘या शहराचं क्री नाव अमिस्क्वाचीवास्काहिगन. १७९५ पासून या नदीकाठी फरच्या व्यापाराची वखार होती. ती १९१५ मध्ये पाडली. तिच्यात राबलेली माणसं रॉसडेलच्या काठाला पुरलेली आहेत, आणि त्यांचे वंशज आपले शेजारी आहेत.’ चार ओळी वाढतील. माझा लेख कापा, मला चालेल.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला आपण सहाव्या तहाचं निवेदन वाचतो. इंग्रजीत, घाईघाईत, माईक तपासता तपासता. ते मराठीत लिहू या. क्री नाव दहा वेळा घरी म्हणून पाहावं आणि मग व्यासपीठावर यावं; ‘अथर्वशीर्ष’ म्हणायला बसताना आपण उच्चार सांभाळतोच ना?

पुण्याहून वक्ता येतो तेव्हा विमानाचं तिकीट, मानधन, शाल-श्रीफळ सगळं होतं. या वर्षी पापास्चेस किंवा मेटिस लोकांतलं कोणी जाणतं माणूस बोलवा, आणि तितकंच मानधन द्या. फुकट बोलावू नका. त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांना विनंती करायची तर कापडात बांधलेला तंबाखू पुढे ठेवतात, जसं आपल्याकडे सुपारी देऊन आमंत्रण करतात. तो तंबाखू मी घेऊन येईन.

रॉसडेलच्या काठाचं पुढे काय करायचं यावर शहरात पुन्हा पुन्हा योजना निघतात. मंडळाने नगरपरिषदेला एक पत्र लिहावं: थडग्यांच्या जमिनीला कुदळ लागू नये, आणि जे काही ठरेल ते आधी वंशजांना विचारून. आपल्या देवळाच्या जागेसाठी, पार्किंगसाठी आपण सह्या गोळा केल्या आहेत. या सह्या गोळा करायला मी घरोघर फिरेन, गुडघे दुखत असले तरी.

ऑगस्टची सहल नदीकाठच्या बागेतच असते. त्या दिवशी डबे उघडायच्या आधी अर्धा तास मुलांना घेऊन रॉसडेलला जाऊ. ढोल नको, ध्वज नको, भाषण नको. मुलांना त्या माणसांची गोष्ट सांगायची आणि थोडा वेळ गप्प उभं राहायचं.

आणि त्याआधी, ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांच्यासाठी: येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी तिथे असेन, स्मारकापाशी. तिथून पाण्याकडे चालत गेलं की काठावरच्या झाडांच्या बुंध्यांना शहराने तारेची जाळी गुंडाळलेली दिसेल. बीव्हर परत आलेत, ते रात्री झाडं पाडतात. जिथे जाळी नाही तिथे बुंध्यावर त्यांच्या दातांच्या ताज्या खुणा दिसतात, आणि खाली पिवळा भुसा पडलेला असतो. मुद्रितं मी बरोबर आणते आहे. सोमवारी ती छापखान्यात जायची आहेत.

आपली,
मुद्रितं तपासणारी एक एडमंटनकर